कडकनाथचं आठवं गाणं

महालिंगआप्पा कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी बोटं मुडपून ती वाजवून बघतात. घागर, पपई, शेजाऱ्याचा नवा दरवाजा, एकदा तर माझं हेल्मेट, तेही मी घातलेलं असताना. कान तिरका करतात आणि निकाल देतात. चांगलं असेल तर "बोलतंय." नसेल तर "बद्द हाय." लग्न, भाषण, लोकांचे जावई, सगळ्यांना हाच निकाल.

धारूरच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. शेजारी माझी मोबाइल दुरुस्तीची टपरी. तालुक्यातल्या निम्म्या नवऱ्यांचा संसार आप्पांच्या दारातून टेम्पोत चढतो. आप्पांचा स्वतःचा संसार नाही. का नाही, हे विचारायची छाती कुणाची झालेली नाही. वय पन्नाशीला टेकलेलं, कपाळावर भस्म, गळ्यात लिंग आणि दुकानामागच्या गोडाऊनमध्ये डबल पेडलचा ड्रमसेट.

होय, हेवी मेटल. आमचा बँड आहे, 'कडकनाथ'. नाव सिद्धार्थनं ठेवलं. सिद्धार्थ म्हणजे आमचा गिटारवाला आणि गाणाराही तोच. कोंबड्याचं नाव म्हटल्यावर शाकाहारी आप्पा आमच्याशी बोलेनात. मग स्वतःच म्हणाले, "नाथ हाय ना त्यात? ऱ्हाऊ द्या." मी जाड सुरांची बास गिटार वाजवतो. ती कुणाला फारशी ऐकू येत नाही, म्हणून अजून बँडमध्ये आहे. ड्रमची एक झांज तडकली तेव्हा आप्पांनी दुकानातली काशाची परात टांगली, आणि आता तिच्याशिवाय त्यांना चालत नाही.

यंदा आम्ही अल्बम करायला घेतला. गोडाऊनच्या भिंतींना गाद्या लावल्या आणि माझ्या कॉम्प्युटरवर एकेक गाणं उतरवत गेलो. सात झाली. आठवं राहिलं आणि सिद्धार्थला पुण्यात नोकरी लागली. निघायचा दिवस उजाडला तरी ते बाकीच होतं; संध्याकाळच्या गाडीनं तो जाणार होता. त्या दुपारी आठवं झालं नाही, तर अल्बम कायमचा लटकणार होता.

ऐन लग्नसराईत आप्पांनी शटर पाडलं. चारला लाईट जायची होती. पहिल्या टेकनंतर आप्पा म्हणाले, "बद्द हाय. परत." दुसऱ्याला पेडल सरकलं. तिसरा इतका छान चालला होता की माझ्या अंगावर काटा आला, तेवढ्यात शटरवर धाडधाड झाली. "आप्पा! हळद उद्यावर आली, हंडा-कळशी पायजे!"

"जा तिकडं! आज दुकान मेलंय!" आप्पा आतूनच ओरडले. धंद्याबद्दल असलं अभद्र त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

पुन्हा सुरुवात, पुन्हा चूक. गाद्यांमुळे आत भट्टी झाली होती. सिद्धार्थच्या आईचे फोनवर फोन येत होते. मी हेडफोन लावून मागचे टेक ऐकले आणि चमकलोच. आप्पा चुकत होते ते एकाच जागी, शेवटच्या कडव्यानंतर, गाणं संपायच्या जरा आधी. तोवर एकही ठोका इकडचा तिकडे नव्हता. मी तसाच पुढच्या टेकची तयारी करू लागलो. पण सिद्धार्थलाही कान होते.

"आप्पा, मुद्दाम चुकवायलात का?"

"मी कावून चुकवू बे?"

"ते तुमीच सांगा! इतकी वर्षं घातली आपण ह्याच्यात, अन् आज खेळ लावलाय?"

आप्पांनी स्टिका मांडीवर ठेवल्या. मला वाटलं, आता हे उठून जाणार आणि सगळं मुसळ केरात.

"गाणं झालं की तू जाणार," ते म्हणाले. "मंग म्या हितं एकट्यानं काय भांडी वाजवू?"

सिद्धार्थचा राग कुठल्या कुठे गेला. त्यानं गिटार पुन्हा गळ्यात अडकवली. "गाणं न्हाई झालं तरी बी मला जावंच लागणार हाय, आप्पा. मंग रिकाम्या हातानं जाईन."

आप्पांनी कपाळावरचा घाम पुसला, भस्मासकट. "चालू कर," मला म्हणाले.

तो टेक मी श्वास रोखून वाजवला. ती जागा जवळ येत चालली तशी मी तारांवरची नजर काढून आप्पांच्या पायांवर लावली. आप्पांनी डोळे मिटले आणि ती जागा पार केली. शेवटचा घाव परातीवर पडला. तिचा नाद विरेपर्यंत कुणी हललं नाही, आणि रेकॉर्डिंग थांबवायचं मी साफ विसरलो.

त्या शांततेत आप्पा म्हणाले, "सिद्धू, जेवून जा बाबा. भाकरी केल्यात म्या."

विकायच्या भांड्यात स्वतः जेवायचं नाही, हा त्यांचा जुना नेम. त्या दिवशी कोपऱ्यात तीन नवी कोरी ताटं धुऊन मांडलेली होती.

सिद्धार्थनं पुण्यात बसून बाकीचं काम पुरं केलं आणि परवा अल्बम आला. आप्पांनी तो भर दुकानात मोठ्यानं लावला. आठव्या गाण्याच्या शेवटी परात विरली आणि स्पीकरमधून त्यांचाच आवाज आला, "जेवून जा बाबा." आप्पा कानशिलापर्यंत लाल झाले. लगेच पुण्याला फोन.

"ते कावून ठिवलं बे? काढून टाक. लोक हसतील ना!"

फोन स्पीकरवर होता.

"हितं मला तसं कुनी म्हणत न्हाई, आप्पा," सिद्धार्थ म्हणाला.

आप्पांनी फोन माझ्या हातात दिला, आणि गिऱ्हाईक नसताना घागरी पुसायला बसले.