लाल सोफ्यापाशी चौथ्यांदा

त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर होणाऱ्या सासूबाई बसल्या होत्या, आणि त्यांनी अजून होकार दिलेला नव्हता. मुलीने दिला होता, मुलीच्या वडिलांनी तर चहा संपायच्या आत दिला होता. सासूबाई मात्र "बघू" या एकाच शब्दावर मुक्काम ठोकून होत्या. आज संध्याकाळी सहाला शहराच्या पलीकडच्या टोकाला मुलीचे पहिले जाहीर गाणे होते. ती दुपारीच पुढे गेली होती. "आईला तू घेऊन ये," ती त्याला म्हणाली होती, "तेवढ्या वेळात तिला कळेल, तू कसा आहेस ते." हे ऐकल्यापासून त्याची झोप उडाली होती, कारण आपण कसे आहोत हे त्याला पुरते ठाऊक होते.

तो द्रुतगती मार्गांच्या कामांचा समन्वयक होता. शहर असे वाढत होते की सोमवारी नकाशावर मोकळी दिसलेली जागा शुक्रवारी वस्ती होऊन पाणी मागू लागे. शहराभोवती एकाच वेळी सात मार्गांची कामे चालू होती. कोणता रस्ता कोणी, कधी अडवायचा आणि तिथली वाहने कुठून वळवायची, हे ठरवून त्याखाली सही करणे एवढेच त्याचे काम. लिफ्टमध्ये कोणी असले तर हा माणूस जिन्याने जाई. पण रोज लाखभर अनोळखी लोक त्याच्या सहीने डावीकडे आणि उजवीकडे वळत. काकूंना, म्हणजे होणाऱ्या सासूबाईंना, त्याने एवढेच सांगितले होते की आपण रस्त्यांच्या ऑफिसात असतो.

पहिला अडसर लागला तेव्हा तो निर्धास्त होता. नारिंगी फलकावर डावीकडचा बाण होता, "पर्यायी मार्ग" अशी अक्षरे होती आणि खाली एक ओळ होती. काकूंनी चष्मा वर सरकवला. तीस वर्षे शाळेत शिकवल्यामुळे समोर आलेले काहीही त्या मोठ्याने वाचत.

"'क्षमा असावी. आज आपण थांबलात, म्हणून उद्या हा रस्ता धावेल.' हे हो कोणी लिहिलं असेल?"

"असेल ऑफिसातला कोणीतरी," तो म्हणाला.

"रस्ता अडवायचा तो अडवायचा, वर कविता."

त्याने गाडी डावीकडे घेतली. कोपऱ्यावर फर्निचरचे दुकान होते. काचेमागे एक लाल सोफा असा ठेवला होता, जणू कोणाची तरी वाट पाहत तोच तिथे बसून राहिला असावा. पुढे उड्डाणपुलाची सावली, मग सेवा रस्ता, मग दुसरा अडसर. पुन्हा नारिंगी फलक, पुन्हा बाण, पुन्हा तीच ओळ. बाणाने सांगितले तसा तो वळला, एक अरुंद गल्ली ओलांडली आणि समोर लाल सोफा आला.

"या भागात लाल सोफ्यांची फॅशन दिसते," काकू म्हणाल्या.

त्याच्या डोक्यात दोन कागद शेजारी शेजारी येऊन उभे राहिले होते. उत्तर टप्प्याचा रस्ता अडवून वाहने दक्षिण टप्प्याच्या सेवा रस्त्यावर वळवायला त्याने एका सोमवारी परवानगी दिली होती. पुढच्या सोमवारी त्याच सेवा रस्त्यावर केबल टाकायला परवानगी दिली होती, वाहने उत्तरेकडे वळवून. दोन्ही निर्णय एकेकटे निर्दोष होते. त्यांची एकमेकांशी ओळख करून द्यायची तेवढी राहून गेली होती.

"जरा टायरमधली हवा बघतो," म्हणून तो गाडी कडेला घेऊन उतरला आणि डिकीमागे जाऊन त्याने उत्तरेच्या अभियंत्याला फोन लावला.

"साहेब, माझी हद्द पुलाच्या खांबापर्यंत," उत्तरेचा म्हणाला. "खांबापर्यंत एक गाडी अडकली असेल तर दाखवा. पुढचं दक्षिणेला विचारा."

दक्षिणेचा अभियंता जास्त सौम्य होता. "केबलचं काम दुपारीच आटपलं, साहेब. रस्ता मोकळा आहे. फक्त अडसर काढायला तुमची लेखी सही लागते. तुम्ही अर्धा दिवस सुट्टीवर. मग म्हटलं, राहू दे सोमवारपर्यंत."

"सही फोनवर दिली तर?"

"साहेब, फोनवर अडसर काढायचा नाही, हा नियम तुमचाच. गेल्या वर्षी कोणीतरी मोठ्या माणसाच्या आवाजात फोन करून अख्खा पूल उघडून घेतला होता, त्यानंतरचा."

काकूंनी काच खाली केली. "चारही टायरांत हवा आहे. मला इथूनही दिसतंय."

तिसऱ्या फेरीपर्यंत त्या वर्तुळाला घरपण येऊ लागले होते. आपल्या पुढे कोण आणि मागे कोण, हे सगळ्यांना माहीत झाले होते. पुढे ड्रायव्हिंग स्कूलची गाडी होती. मागे एका राखाडी गाडीत चष्मा लावलेले गृहस्थ होते, ते रागावण्याऐवजी स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून बसले होते. फर्निचरवाल्याने दोन खुर्च्या बाहेर मांडल्या होत्या आणि थकलेल्यांना तो त्यांवर बसवून किंमत सांगत होता.

"ती शिकाऊ मुलगी बघा," काकू म्हणाल्या. "मघाशी वळताना फुटपाथवर चढत होती. आता कशी लोण्यासारखी वळते. कोणाचं तरी भलं झालं."

"हो, काकू."

"साडेपाच झाले. आणि हा सोफा चौथ्यांदा."

"हो, काकू."

"आणि ज्या शहाण्यानं हे बाण लावलेत ना, तो आत्ता कुठंतरी पंख्याखाली पाय पसरून बसला असेल. तुमच्याच ऑफिसातला. ओळखता का हो त्याला?"

हा प्रश्न त्याच्यापुढे एखाद्या अडसरासारखाच आडवा आला. उत्तर दिले तर 'बघू'चे 'नाही' होणार, आणि ओळख लपवून असेच फिरत राहिले तर गाणे सहाला त्यांच्याशिवाय सुरू होणार. नाट्यगृहात पहिल्या रांगेत दोन खुर्च्या रिकाम्या असतील, आणि ती गाताना त्यांच्याकडे बघेल, हे चित्र त्याला दिसले. ते त्याला सहन होईना.

"तोंडओळख आहे," तो म्हणाला, आणि सेवा रस्त्यावरच्या अडसरापाशी त्याने गाडी उभी केली. मागे राखाडी गाडीही थांबली.

अडसराशी नारिंगी जाकीट घातलेला रखवालदार स्टुलावर बसून होता. त्याच्यामागे रस्ता रिकामा, स्वच्छ, संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात लांबवर गेलेला.

"हे काढा," समन्वयक हळू आवाजात म्हणाला, कारण गाडीची काच उघडी होती.

"साहेबांचा लेखी हुकूम लागतो."

"साहेब मीच आहे."

"सकाळपासून तिघं साहेब येऊन गेले," रखवालदार शांतपणे म्हणाला. "एक तर दूधवाला होता."

समन्वयकाने ओळखपत्र काढले. रखवालदाराने ते उन्हात धरले, फोटो पाहिला, माणूस पाहिला. "फोटोत जास्त हुशार दिसता," तो म्हणाला. "पण तुम्हीच आहात. आता हुकूम लिहून द्या."

खिशात कागद नव्हता; होती ती गाण्याची निमंत्रणपत्रिका. पेन नव्हते. तेवढ्यात मागच्या खिडकीतून एक हात बाहेर आला. हातात लाल पेन होते.

त्याने ते घेतले. मान वर करण्याचे धैर्य त्याला झाले नाही. बॉनेटवर पत्रिका पालथी ठेवून तो लिहू लागला, आणि संकटातही त्याची वाक्ये नेहमीसारखीच निघाली: 'या मार्गावरील काम पूर्णत्वास गेले असल्याने, तसेच वाहनधारकांनी दाखविलेल्या संयमाची जाणीव ठेवून...'

"इतकं लांब कशाला?" काकू गाडीतून उतरून त्याच्या खांद्यावरून वाचत होत्या. "'अडसर काढा' एवढं लिहा आणि सही करा. पोर वाट बघत असेल."

त्याने तेवढेच लिहिले. खाली नाव, त्याखाली हुद्दा, पूर्ण. लाल शाईत तो हुद्दा एखाद्या नापास उत्तरासारखा दिसत होता. रखवालदाराने पत्रिका दोनदा वाचली, घडी करून जाकिटात ठेवली आणि अडसर बाजूला ओढला. मागच्या गाड्यांनी एका सुरात हॉर्न दिले. शिकाऊ मुलगी तेवढी सवयीने डावीकडेच वळली.

मोकळ्या रस्त्यावर त्याने दोनदा आरशातून मागे पाहिले. शेवटी तोच म्हणाला, "काकू, तो शहाणा मीच."

"माहितेय."

"सही बघून?"

"सही कशाला? पहिल्या फेरीतच. 'आज आपण थांबलात, म्हणून उद्या हा रस्ता धावेल.'" काकूंनी चष्मा काढून पदराने पुसला. "माझी लेक तुझे मेसेज मला वाचून दाखवते. उशीर झाला तरी तू असलंच काहीतरी लिहितोस. तिला ते आवडतं, काय करणार. मी फक्त बघत होते, किती फेऱ्यांनी तोंड उघडतोस ते."

'तुम्ही'चा 'तू' झाला होता हे पुढच्या सिग्नलवर त्याच्या लक्षात आले, आणि मग तो हिरवा होऊनही गाडी क्षणभर जागची हलली नाही.

नाट्यगृहाशी ते पोहोचले तेव्हा सव्वासहा होऊन गेले होते. दोघे धावतच पायऱ्या चढले. आत दिवे लागलेले, लोक गप्पा मारत बसलेले, पडदा बंद. ती पडद्याच्या कडेला उभी होती. त्यांना बघून तिचा चेहरा उजळला आणि लगेच पडला.

"बसा तुम्ही. अजून सुरूच नाही झालं. तबल्याचे साथीदार आले नाहीत. फोन केला तर म्हणाले, एका सोफ्याच्या दुकानाभोवती फिरतोय. मला वाटलं, सोफा घ्यायचाय त्यांना."

तेवढ्यात मागचा दरवाजा ढकलून राखाडी गाडीतले गृहस्थ आत शिरले. चष्मा नाकावर घसरला होता, बोटे अजून हवेत ताल धरत होती.

"माफ करा, माफ करा," ते धापा टाकत म्हणाले. "कोणीतरी एक गाढव आहे त्या रस्त्यांच्या ऑफिसात. बाण असे लावलेत मूर्खानं, की..."

समन्वयकाने मान खाली घातली. काकूंनी पर्स काखेत नीट केली आणि शाळेत वर्ग शांत करताना काढत असतील तशा आवाजात त्या म्हणाल्या:

"जपून बोला. आमचा जावई आहे तो."