वानखडे सरांचं 'इज'

वानखडे सरांसमोर तपासल्याशिवाय विशेषण वापरायची सोय नव्हती. तिवस्याच्या शाळेत ते आम्हाला इंग्रजी शिकवायचे. निवृत्त होऊन अमरावतीला माझ्या शेजारी राहायला आले, तरी मी त्यांच्या लेखी अजून आठवीतच होतो.

"नामाच्या आंधी विशेषण कोणीबी चिकटवते," ते म्हणत. "त्याले इजच्या मांगं ठेवून पाह्य. वाक्य उभं राह्यलं तरच खरं."

एकदा संत्र्याच्या गाडीवर 'स्वीट ऑरेंज' अशी पाटी दिसली. सर थांबले आणि गाडीवाल्याला म्हणाले,

"द ऑरेंज इज स्वीट, असं माह्या डोयात पाहून म्हण."

"गोडच हाये सर, घ्या ना."

"इंग्रजीत म्हण."

बिचाऱ्यानं म्हटलं. सरांनी एक फोड तोंडात टाकली, चेहरा वाकडा केला, आणि पाटीवरचं 'स्वीट' पुसून होईस्तोवर जागचे हलले नाहीत. मग तीच आंबट संत्री दोन किलो घेतली. "आता तो खरं बोलून राह्यला!"

माझ्या पुतणीसाठी स्थळ पाहायला आम्ही सरांना घेऊन बार्शीटाकळीला गेलो. मुलाचे वडील म्हणाले, "पोरगा प्रॉमिसिंग आहे."

"द बॉय इज प्रॉमिसिंग," सरांनी सावकाश म्हणून पाहिलं. "काय प्रॉमिस करून राह्यला, तेवढं सांगा."

स्थळ मोडलं. पुतणीनं मात्र गुपचूप सरांना पेढे आणून दिले.

घरात त्यांना त्यांच्या पत्नी, मंदाकाकू, पुरून उरायच्या. "द भाजी इज सॉल्टी," सर एकदा जेवताना म्हणाले. "द ताट इज एम्टी," म्हणत काकूंनी पुढ्यातलं ताटच उचललं.

गेल्या दिवाळीनंतर काकू वारल्या. सरांना आवडेल म्हणून मी काकूंचा फोटो मढवून नेला. खाली इंग्रजीत नाव घातलं होतं, 'लेट मंदाबाई वानखडे'.

सरांनी खालचं नाव वाचलं आणि म्हणाले, "इज लावून पाह्य."

सवयीनं मी बोलून गेलो, "मंदाबाई इज लेट."

नामाआधी तो शब्द दिवंगत होता. इजच्या मागे जाताच त्याचा नुसता उशीर झाला.

सर हसले. "म्हंजे येऊन राह्यली म्हणा." हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत बसले.

मी जायला उठलो, तसा त्यांनी माझा हात धरला.

"काहून पळून राह्यला? जेवूनच जाय. एकट्यानं घास गियल्या जात नाही मले."

मी घरी फोन करून सांगितलं आणि कांदा चिरायला घेतला.