कोणी नाव घेतलं का?

चिखलीतल्या आमच्या सोसायटीत सकाळी लिफ्टमध्ये भेटलं की माणसं "चहा झाला का?" विचारतात. चौथ्या मजल्यावरचे बोकील सर मात्र दार बंद व्हायच्या आत सांगून टाकतात, "जाधव, आज तिघांनी नाव घेतलं!" नवीन राहायला आलो तेव्हा माझ्या बायकोला वाटलं, यांच्याकडे लग्नकार्य आहे नि सुना उखाणे घेताहेत. बिचारी आहेराच्या तयारीला लागली.

हे नाव घेणं वेगळं. बोकील सर मेंदूचे शास्त्रज्ञ. भीती वाटली, माया वाटली की मेंदूत काय होतं आणि प्राणी कसा वागतो, हे त्यांनी जन्मभर उंदरांवर तपासलं. आडनाव बोकील आणि धंदा उंदरांचा, आता मी काय बोलू! त्यांच्या पेपरचा, म्हणजे शोधनिबंधाचा, आधार दुसऱ्या कुणी आपल्या पेपरात दिला की त्याला सायटेशन म्हणतात. सरांच्या भाषेत, नाव घेतलं. निवृत्त झाले तरी उठल्याउठल्या कॉम्प्युटरवर तो आकडा बघतात, मग दात घासतात.

मी चाकणला कारखान्यात, पत्र्याचे पार्ट दाबून काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर. सरळ विचारलं, "सर, तुमचं आउटपुट किती असायचं?"

"चांगल्या वर्षी दोन पेपर."

"वर्षाला? अहो, आमच्याकडे असं आउटपुट दिलं तर गेटवरच हिशोब करून घरी पाठवतील! आणि रिजेक्शन?"

सर खुलले. "भरपूर! रीवर्क करून परत पाठवायचं." तेव्हापासून आमचं जमलं.

पार्किंगमध्ये उंदरांनी गाड्यांच्या वायरी कुरतडल्या, तेव्हा सेक्रेटरी शिंदे थेट सरांकडे गेला. "तुमचाच विषय आहे सर, बंदोबस्त करा राव." सर टॉर्च घेऊन माझ्या गाडीखाली आडवे झाले. बऱ्याच वेळानं कपडे झटकत उठले आणि म्हणाले, "बाळंतीण आहे. काही दिवस गाडी हलवू नका." शिंदेनं कपाळावर हात मारला. मी मुकाट्यानं कंपनीच्या बसनं जायला लागलो आणि माझी बायको रोज सरांना विचारायची, पिल्लांनी डोळे उघडले का?

एका गोष्टीची मात्र सरांना भयंकर चीड. कुणी फोनवर "सर, आमचंही नाव घ्या ना" म्हणालं की संपलं. "मागून मिळालेलं नाव म्हणजे भीक! आणि घरच्यांनी घेतलेलं तर धरतच नाहीत!"

आणि मागच्या महिन्यात हाच माणूस पार्किंगच्या कोपऱ्यात फोनवर अजिजीनं बोलताना दिसला. "अरे, विषयात बसत असेल तरच घे हं... पण बसतो रे. नीट वाच ना एकदा. लिमये नावानं आहे."

मला बघून त्यांचे कान लाल झाले. "सुनंदाचा पेपर आहे," म्हणाले. सुनंदाकाकू म्हणजे त्यांची बायको. "लग्नाआधीचा, माहेरच्या नावानं. उंदरी आपलं पिल्लू कसं ओळखते, त्यावर. माझ्यापेक्षा हुशार होती हो. मुलगी झाली आणि हिचीच लॅब सुटली, माझी नाही. एकच पेपर, जाधव. आजवर कोणीही नाव घेतलं नाही. मी रोज आधी तोच उघडतो."

परवा काकूंचा डबा परत द्यायला गेलो होतो. आतून सर ओरडतच आले, "सुनंदा! तुझं नाव घेतलं!" काकूंनी पदराला हात पुसले, लॅपटॉपवरची ओळ वाचली आणि एवढंच म्हणाल्या, "स्पेलिंग बरोबर लिहिलंय." सर पेढे आणायला अनवाणीच खाली पळाले.

"ह्यांना सांगू नका," काकू हळूच म्हणाल्या. "ज्यानं नाव घेतलं, तो ह्यांचा विद्यार्थी. त्यानं आधी मलाच फोन केला. म्हणाला, 'काकू, पेपर चांगला आहे, खरंच बसतोय. पण सर फार मागे लागलेत, तुम्हाला चालेल ना?' मी म्हटलं, घे बाबा. मी तो विषय कधीच सोडला. हा माणूस मात्र रोज सकाळी ते शून्य बघून मनाला लावून घेतो. मला बघवत नाही हो."

सर धापा टाकत आले. काकूंनी पेढ्यांवरून त्यांना चार शब्द सुनावले, एवढे कशाला आणले म्हणून. मग खुर्ची ओढून बसल्या.

"अहो, ती ओळ जरा मोठ्यानं वाचून दाखवा. मघाशी चष्मा नव्हता."

चष्मा मघाशीही काकूंच्या डोळ्यांवरच होता.