धुतलेला रणगाडा

नव्याकोऱ्या रणगाड्याला नानासाहेब गंज लावत बसले होते आणि आशाबाई स्वयंपाकघराच्या दारातून ते बघत होत्या. खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचा, प्लॅस्टिकचे बारके बारके तुकडे जोडून केलेला तो रणगाडा कालपर्यंत हिरवागार आणि देखणा होता. कॉलनीतली माणसं येऊन कौतुक करून गेली होती. आणि आज हा भला माणूस स्पंजाच्या तुकड्याने त्याच्यावर तपकिरी डाग पाडत होता.

"अहो, झाला म्हणत होता ना काल?"

"रंग झाला. आता जुना करायचाय."

"जुना? कामून?"

"लढाईवरून आल्यावाणी दिसला पाहिजे."

"मग गॅलरीत ठेवा. दोन पावसाळ्यांत होतो आपोआप."

नानासाहेबांनी स्पंज पुन्हा तपकिरी रंगात बुडवला. सगळी नोकरी विम्याच्या कचेरीत काढलेल्या या माणसाला मनापासून करावीशी वाटलेली ही एकच गोष्ट होती. मॉडेल करणाऱ्यांच्या मंडळाचं दरवर्षी प्रदर्शन भरत असे. गेल्या वर्षी परीक्षक म्हणून छावणीतले एक निवृत्त कर्नलसाहेब आले होते. नानासाहेबांच्या रणगाड्यासमोर ते क्षणभर थांबले, "छान आहे. खेळणं वाटतं," एवढंच म्हणाले आणि पुढे गेले. ते 'खेळणं' नानासाहेबांच्या जिव्हारी लागलं होतं. यंदा रणगाडा असा मळवायचा, की कर्नलसाहेबांना बारुदाचा वास आला पाहिजे, असं त्यांनी ठरवलं होतं.

तोफेच्या तोंडाला तव्याची काजळी लागली. राहिला चिखल. कुंडीतल्या मातीत खत होतं, म्हणून ती नापास झाली. नानासाहेबांनी सरळ फुलंब्रीला थोरल्या भावाला फोन लावला. "दादा, आपल्या शेतातली मूठभर माती पाहिजे. जरा लवकर," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला, कारण हाताला रंग होता.

आप्पासाहेब दुसऱ्या दिवशी सकाळीच मातीची पिशवी घेऊन हजर झाले. आशाबाईंनी दिलेलं पाणी त्यांनी बाजूला ठेवलं.

"नाना, वाटणी पाहिजे असंल तर सरळ बोल. माती कामून मागू राहिला?"

"वाटणी नाय दादा. रणगाड्याला लावायचीय."

आप्पासाहेबांनी भावाकडे पाहिलं, मग रणगाड्याकडे, मग आशाबाईंकडे. वाटणी टळली म्हणून आनंद मानावा की भावाच्या डोक्याची काळजी करावी, हे त्यांना ठरवता येईना. तोवर नानासाहेबांनी ती वडिलार्जित माती चहाच्या गाळणीतून चाळली, पाण्यात कालवली आणि रणगाड्याच्या चाकांवरून फिरणाऱ्या पट्ट्यांवर ब्रशाने थापायला सुरुवात केली.

"आशाबाई, कवापासून असं करू राहिला हा?" आप्पासाहेबांनी स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारलं.

"आधी नव्हतं, दादा. चांगली चांगली करायचे. यंदाच घाण करू राहिले. काल तर ब्लेडनं रंग खरवडायला निघाले होते."

"मी थांबतो," आप्पासाहेब म्हणाले.

"उद्या खंडेनवमी आहे. ट्रॅक्टरची पूजा?"

"पोरं करतील."

आशाबाईंना आता खरंच भीती वाटली. दादांनी आपला ट्रॅक्टर आजवर दुसऱ्याला धुऊ दिला नव्हता.

खंडेनवमीच्या सकाळी नानासाहेब रणगाड्यासाठी काचेची पेटी आणायला गेले. संध्याकाळीच प्रदर्शन होतं. गंज, काजळी, चिखल सगळं पक्कं करणारा शेवटचा थर आल्यावर मारायचा होता. घरात आशाबाईंनी विळी, सुरी, कात्री आणि शिलाई मशीन पूजेला मांडलं. आप्पासाहेबांनी अंगणात स्कूटर धुतली, पुसली, तिला हार घातला. मग दोघांची नजर एकदमच टेबलाकडे गेली.

"हे शस्त्रात धरायचं का वाहनात?" आशाबाईंनी विचारलं.

आप्पासाहेबांनी बराच विचार केला. "दोन्हीत बसतंय."

"मग?"

"मग तर धुवायलाच पाहिजे. आजच्या दिवशी एवढ्या चिखलाचं काय ठेवावं घरात? बरकत राहत नाय."

बादली आली, शाम्पू आला, जुना टूथब्रश आला. वडिलार्जित माती मोरीतून वाहून गेली. गंज गेला, काजळी गेली. खाली हिरवा रंग लख्ख निघाला तेव्हा आप्पासाहेबांना भावावरची बाधा उतरल्यासारखं वाटलं. आशाबाईंनी करंगळीने हळदीकुंकू लावलं. झेंडूचं फूल फार मोठं होत होतं, म्हणून पाकळ्या ओवून हार केला. चाकाखाली लिंबू ठेवून पाहिलं, तर रणगाडाच कलंडला. तेव्हा त्यांनी लिंबू कापलं आणि पट्ट्यांखाली लिंबाच्या दोन बिया ठेवल्या.

नानासाहेब काचेची पेटी घेऊन दारात उभे राहिले.

"बघ," आप्पासाहेब म्हणाले, "शोरूममधून आणल्यावाणी."

नानासाहेब खुर्चीत बसले. ओरडावं, तर समोर ट्रॅक्टर सोडून आलेला थोरला भाऊ होता आणि बायकोच्या करंगळीला अजून कुंकू होतं. त्यांना रडू यायला लागलं.

"चुकलं का काही?" आशाबाईंनी घाबरून विचारलं.

"नाही," नानासाहेब म्हणाले. "छान दिसतोय."

प्रदर्शनात सगळ्यांचे रणगाडे चिखलाने माखलेले होते, कुणाचा अर्धा जळालेला, कुणाचा पट्टा तुटलेला. नानासाहेबांनी आपला कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवला आणि लोक आपल्याला बघणार नाहीत असे उभे राहिले. आशाबाई आणि आप्पासाहेब मात्र रणगाड्याच्या दोन बाजूंना उभे होते.

कर्नलसाहेब आले, थांबले. चष्मा काढून वाकले. कितीतरी वेळ वाकलेलेच राहिले.

"खंडेनवमी?" त्यांनी विचारलं.

"व्हय," आप्पासाहेब म्हणाले.

"आमच्या रेजिमेंटमध्ये आजच्या दिवशी रणगाड्यावरून बोट फिरवलं तर धूळ लागायची नाही. सगळं आयुष्य त्याच्यात गेलं माझं. हे लोक लढाया दाखवतात. मी लढाईत फार थोडे दिवस होतो." त्यांनी पट्ट्यांखालच्या बियांकडे बोट केलं. "आणि लिंबूसुद्धा मापात. हे कुणाच्या डोक्यातून आलं?"

नानासाहेब पुढे झाले. खोटं बोलायची फार इच्छा झाली होती. "मिसेसच्या," ते म्हणाले.

"मोठं बसंना हो," आशाबाई म्हणाल्या.

पहिलं बक्षीस जाहीर झालं. नानासाहेबांना आनंद झाला, पण तो नेमका कशाचा मानायचा हे घरी पोचेपर्यंत त्यांना समजलं नाही. आप्पासाहेब निघताना मात्र स्वच्छ मनाने म्हणाले, "सांगितलं नव्हतं का? घाण नाय चालत."

पुढच्या रविवारी सकाळी बेल वाजली. दारात मंडळाचे तिघं जण खोके घेऊन उभे होते.

"वहिनी आहेत का?"

आशाबाई पदराला हात पुसत आल्या. खोके उघडून त्यांनी तिन्ही रणगाडे नीट बघितले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "लई मळवलेत. बसा, बादली आणते."

नानासाहेब बाजूला उभे होते. तिघांतला एक नवा सभासद त्यांच्याकडे वळून अदबीने म्हणाला, "काका, तुम्हीपण करता का काही?"

"चहा करतो," नानासाहेब म्हणाले आणि आत गेले.