सोरेंटोची स्पेशल गाडी

मानवजातीचा इतिहास म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचा इतिहास होय, असे विद्वानांचे मत आहे. चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरच्या वसाहतीला हे मत मान्य आहे. फक्त जाण्याआधी गाडी ठरवावी लागते, हे विद्वान सांगायला विसरले. ती गुणवंतराव पिंपळशेंडे ठरवतात.

गुणवंतराव वीज केंद्राच्या कोळसा विभागात फोरमन आहेत, पण ही त्यांची दुय्यम ओळख झाली. लग्नाचे वऱ्हाड असो, नागपूरचा दवाखाना असो की तिरुपती, स्पेशल गाडी करायची म्हटले की वसाहत त्यांच्याच दारात येते. ते गाडीचे रंगरूप पाहत नाहीत. टायरावर हात फिरवतात, डायव्हरच्या डोळ्यांत बघतात आणि विचारतात, "झोपला होतास का बरोबर?" त्यांनी ठरवलेली गाडी आजवर कुठे बंद पडलेली नाही.

आणि त्यांचा एक नियम आहे. स्पेशल गाडी रिकामी न्यायची नाही. पैसे पूर्ण गाडीचे मोजायचे आणि सीट मोकळी ठेवून हवा वाहून न्यायची, हे त्यांच्या बुद्धीला पटत नाही. एकदा मार्कंड्याहून परतताना एक जागा उरली होती, म्हणून त्यांनी मूल गावच्या नाक्यावर उभ्या असलेल्या एका तलाठ्याला आग्रहाने आत बसवून घेतले. तलाठ्याला जायचे होते गडचिरोलीला. तो चंद्रपूरला उतरला, तेव्हा त्यानेही आभारच मानले. असा माणूस दुर्मीळ असतो.

गुणवंतरावांची मुलगी उर्वशी इटलीत असते. जावई प्रणित तिकडे सोरेंटो नावाच्या समुद्रकाठच्या गावी एका हॉटेलात आचारी आहे. उर्वशीचे पहिले बाळंतपण मे महिन्याच्या मध्यावर होते. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, पण तिला येणे जमत नव्हते, म्हणून माहेरानेच तिकडे जायचे ठरले. गुणवंतराव आणि त्यांच्या पत्नी रुखमाबाई यांचे व्हिसे फेब्रुवारीतच हाती आले. रुखमाबाईंनी डिंकाचे लाडू वळायला घेतले.

"बाबा, विमान नेपल्सले उतरन," उर्वशी फोनवर म्हणाली. "प्रणितले सुटी नाई. तिथून इथी याचं कसं ते मी तुमाले—"

"गाडीचं मले सांगून राह्यली का तू?" गुणवंतराव म्हणाले.

उर्वशीने विषय बदलला. तीही याच वसाहतीत वाढली होती.

शेजारी संघपाल खोब्रागडे राहतात. त्यांची मुलगी चंचल इंजिनीअरिंगला आहे. तिच्या लॅपटॉपवर गाडी ठरवायचे काम सुरू झाले.

"काका, छोटी गाडी का मोठी?"

"मोठीत किती बसते?"

"आठ."

"मोठीच कर. छोट्या गाडीत मानूस गेल्यावानी वाटत नाई, नेल्यावानी वाटते."

"झालं. तारीख पाच एप्रिल."

"आन डायव्हर कोन हाये?"

"ते आदल्या दिवशी कळते, काका."

"आदल्या दिवशी?" गुणवंतराव खुर्चीतून उठले. "आन तो पेताड निघाला त? लिही त्याह्यले. डायव्हरचं नाव, गाव, घरी कोन कोन हाये, आन टायर कसे हायेत."

चंचलने जमेल तितक्या सभ्य इंग्रजीत हे सगळे लिहिले. दुसऱ्या दिवशी कंपनीऐवजी खुद्द डायव्हरचाच निरोप आला. त्याचे नाव कार्मिने. घरी आई, बायको आणि दोन मुली. सोबत चारही टायरांचे फोटो होते, आणि न मागता स्टेपनीचाही.

स्टेपनीचा फोटो गुणवंतरावांनी बराच वेळ पाहिला. मग चष्मा पुसला.

"असे डायव्हर आता आपल्याकडं राह्यले नाई," ते म्हणाले, आणि इतरांनाही आदर्श मिळावा म्हणून त्यांनी तो फोटो वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिले, 'नेपल्स ते सोरेंटो स्पेशल. आठ सीट. आम्ही दोघे.'

संध्याकाळी संघपाल चहाला आले आणि बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "भाऊ, म्हंजे सहा शीटा खाली?"

प्रश्न साधा होता, पण हा प्रश्न गुणवंतराव आयुष्यभर दुसऱ्यांना विचारत आले होते.

"मी म्हन्तो," संघपाल पुढे म्हणाले, "नेपल्सपासून पुढं त तुमची गाडी हायेच. आमचा प्रश्न फक्त नेपल्सपर्यंतचाच राह्यला."

या हिशोबात एकही चूक नव्हती. शेवटचा पन्नास किलोमीटरचा रस्ता फुकटात सुटत असेल तर आधीच्या सात हजारांसाठी अडून बसणे हा कोतेपणाच म्हणायचा. आठवडाभरात गाडी भरली. संघपाल आणि त्यांची बायको. भद्रावतीहून गुणवंतरावांची बहीण चंदाबाई आणि तिचे आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले यजमान. आणि कोलूभाऊ मडावी व सोमारीबाई. कोलूभाऊंनी गुणवंतरावांसोबत कोळशात उमेदीची वर्षे काढली होती, आणि आता ते एटापल्लीकडे आपल्या गावी शेती करत होते. चंदाबाईंची नणंद प्रतीक्षा यादीत होती. ज्या लोकांनी आजवर इटलीचे नावही काढले नव्हते, ते पासपोर्टसाठी नागपूरला जाऊन आले. जाताना गाडी अर्थात गुणवंतरावांनीच ठरवली होती, आणि ती भरून गेली होती.

रुखमाबाई लाडू वळत होत्या. "पोरीचं बाळातपन हाये का वऱ्हाड हाये?" असे त्यांनी एकदा विचारले, पण तेव्हा पुढच्या सीटवर कोण बसणार याची चर्चा रंगात आली होती.

"मले गाडी लागते," चंदाबाई म्हणाल्या. "मी पुढंच बसन."

"चंदाबाई, तुमाले विमान नाई लागन का?" संघपालांनी विचारले.

"विमानाले घाट कुठी रायते?"

"त्या डायव्हरले जेवाले कुठी बसवाचं?" सोमारीबाईंनी मध्येच विचारले. सगळे वरमले. एवढी महत्त्वाची बाब कोणाच्याच लक्षात आली नव्हती. कार्मिने सोरेंटोला पोचल्यावर उर्वशीच्याच घरी जेवेल, असे एकमताने ठरले आणि तसे त्याला कळवले. त्याने जोडलेले हात पाठवले.

इथपर्यंत सगळे शिस्तीत होते. मग तारखेचा प्रश्न निघाला.

"चौदा एप्रिलच्या आधी मी कुठीच येत नाई," संघपाल म्हणाले. "जयंती समितीचा अध्यक्ष हावो मी. मीच नाई राह्यलो त मिरवनुकीत लोकं काय म्हन्तीन?"

हे योग्यच होते. गाडी वीस एप्रिलवर गेली. कार्मिनेने लिहिले, काही हरकत नाही. मग सहा जणांच्या व्हिसाच्या मुलाखती एप्रिलअखेरीच्या निघाल्या. गाडी पाच मेवर गेली. काही हरकत नाही. मग कोलूभाऊंचा फोन आला.

"भाऊ, मे महिन्यात तेंदूपत्त्याची तोडनी हाये. अख्खं गाव जंगलात रायते. तेंदू लागला का मी कोनाचंच ऐकत नाई."

"किती दिवस?"

"पंधरा-वीस. पानं सांगन तसं."

पानांनी वीस मे सांगितली. त्याला लागूनच पंचवीस तारखेला चंदाबाईंच्या सुनेच्या बहिणीचे लग्न होते. गाडी एक जूनवर गेली. विमानाची तिकिटे अजून काढलेलीच नव्हती, कारण आधी गाडी आणि मग विमान, ही गुणवंतरावांची पद्धत होती. "विमान काय, रोजच उडते," ते म्हणत. "गाडी चांगली भेटाले पाह्यजे."

"अजी," रुखमाबाई त्या रात्री ताट वाढताना म्हणाल्या. "एक जूनले आपन जाऊ. पोरगी तवरक थांबन का?"

गुणवंतरावांनी घास हातातच धरला. हा मुद्दा खरा होता. प्रत्येक तारीख सगळ्यांना विचारून ठरली होती, फक्त एकाला विचारायचे राहिले होते. त्यांनी तिथेच उर्वशीला फोन लावला.

"उर्वशी, डॉक्टर काय म्हन्ते? तारीख पक्की हाये का?"

"पक्की नसते, बाबा. अंदाजानं देते."

"अंदाजानं ना? मंग मागंपुढं होत असन थोडी. एक जूनपर्यंत जमन का पाह्य बरं."

"बाबा," उर्वशी म्हणाली, "फोन आईले द्या."

रुखमाबाई फोन घेऊन आतल्या खोलीत गेल्या. दार लोटले गेले. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता.

"त्या गाडीत माहं एक शीट हाये ना?"

"असं काऊन विचारतं? पहिलं शीट तुव्हंच."

"ते मी सोडलं. ज्याले द्याचं त्याले द्या."

गुणवंतरावांचे मन भरून आले. आजवर शेकडो गाड्या ठरवल्या, सीटसाठी सख्खे भाऊ भांडताना पाहिले, पण आपली सीट अशी उठून देणारे माणूस त्यांनी पाहिले नव्हते. ते आपल्याच घरात निघावे, याचा त्यांना अभिमान वाटला. त्याच तासाला त्यांनी ती सीट चंदाबाईंच्या नणंदेला दिली. रुखमाबाईंनी सीट का सोडली, हा प्रश्न त्यांना शिवला नाही. तो त्यांना चौथ्या दिवशी पडला, जेव्हा रुखमाबाई दोन बॅगा बांधून आणि चंचलकडून काढून घेतलेले तिकीट पदराच्या टोकात घेऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

नागपूर विमानतळापर्यंतची गाडी गुणवंतरावांनीच ठरवली. वेळ वाईट होती, तरी गाडी भरून गेली. पोचवायला सातजण आले होते.

"अवं, थिथी उतरल्यावर काय करशीन?" गुणवंतराव आत जायच्या दारापाशी कळवळून म्हणाले. "गाडी एक जूनची हाये!"

"मंग तवरक थिथीच उभी रायतो," रुखमाबाई म्हणाल्या. "लाडू हायेत जवळ."

आणि त्या काचेच्या दारातून आत गेल्या. जाताना मागे वळून त्यांनी संघपालांच्या बायकोला फक्त एवढेच सांगितले, की मोलकरणीला गुरुवारी सुटी दिली आहे.

परतीच्या गाडीत एक सीट रिकामी होती. गुणवंतरावांनी रस्त्यात कोणालाही बसवले नाही. संघपालांनी ही गोष्ट पुढे अनेकांना सांगितली, पण कोणी विश्वास ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून सगळे गुणवंतरावांच्या घरी जमले. रुखमाबाईंचा फोन बंद येत होता. उर्वशीचा फोन कोणी उचलत नव्हते. परक्या मुलखात, भाषा येत नाही, दोन जड बॅगा, आणि गाडी नाही. चंदाबाईंनी दोनदा डोळे पुसले. शेवटी गुणवंतरावांनी चंचलला सांगितले, "कार्मिनेले लिही. म्हना, माही बायको एकटी हाये."

कार्मिनेने ना पैसे विचारले, ना बुकिंग. तासाभरात त्याचा फोटो आला. तो विमानतळाच्या आत, प्रवासी बाहेर येतात त्या दाराशी उभा होता, आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत RUKHMABAI असे लिहून तो पुठ्ठा त्याने छातीशी धरला होता. बहुधा मुलीकडून लिहून घेतला असावा, कारण कडेने फुले काढलेली होती.

"बापा, काय मानूस हाये," संघपाल म्हणाले.

मग कार्मिनेचा दुसरा निरोप आला. विमान उतरून बराच वेळ झाला होता. सगळे प्रवासी निघून गेले होते. बाई दिसली नाही.

गुणवंतराव भिंतीला टेकून खाली बसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या माणसाला न्यायला गाडी उभी होती, डायव्हर उभा होता, टायर चांगले होते आणि माणूस नव्हते.

"मी सांगाले पाह्यजे होतं," ते हळूच म्हणाले. "चाल म्हनाले पाह्यजे होतं. पह्यल्याच तारखेले. आपन दोघंच."

तेव्हा फोन वाजला. उर्वशीच्या नंबरवरून रुखमाबाई बोलत होत्या.

"पोचली."

"कुठी? कुठी हायेस तू?"

"पोरीच्या घरी. चाय पेऊन राह्यली. पोरगी बरी हाये, डॉक्टरकडं गेली होती, आता आली. अजून आठ-दहा दिवस हायेत म्हने."

गुणवंतरावांनी डोळे मिटले. मग इतक्या वर्षांची सवय जागी झाली.

"कशानं आली?"

"बशीनं."

"कोनत्या बशीनं?"

"इथलीच. इमानतळाच्या दारासमोरून सुटते. बॅगा डायव्हरनंच टाकल्या."

"उर्वशीले माहीत होतं?"

"होतं ना. तुमी विचारलं कुठी?"

गुणवंतरावांनी फोन ठेवला आणि कार्मिनेला घरी जायला सांगितले. मग ते चंचलजवळ जाऊन बसले. तिने नेपल्सच्या विमानतळाचे पान उघडून त्यांना दाखवले. सोरेंटोची थेट बस आहे. रोज आहे. दिवसातून अनेकदा आहे. आणि ती ठरवावी लागत नाही.