उल्हासरावांची तीन कोटेशनं

मंदाताईंच्या स्वयंपाकघरातला गॅसवाला बदलायचा, हे उल्हासरावांनी निवृत्तीनंतरच्या दुसऱ्याच आठवड्यात ठरवलं. गॅसबद्दल तक्रार काहीच नव्हती. तो छान निळा जळत होता आणि त्यावर भात शिजत होता. पण तो पहिल्या दिवसापासून एकाच माणसाकडून येत होता आणि दुसरीकडे कुणी साधी चौकशीही केली नव्हती. हे ऐकल्यावर उल्हासरावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. कुवेतमधल्या एका बँकेच्या खरेदी विभागात त्यांनी उभा जन्म काढला होता. तिथे टाचण्या घ्यायच्या झाल्या तरी तीन कोटेशनं लागत, आणि तो नियम त्यांनीच घालून दिला होता.

मंदाताईंचं स्वयंपाकघर कुवेत शहरातल्या मिरकाब भागात, मशिदीमागच्या गल्लीत, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होतं. आजवर ते हौसेने चाललं होतं, कारण घरी पगार येत होता. आता पगार थांबला होता. पलीकडच्या टॉवरमधल्या हिशेबतपासनिसांच्या फर्मला रोजचं दुपारचं जेवण हवं होतं आणि रविवारी चाळीसेक माणसांचं नमुन्याचं जेवण द्यायचं ठरलं होतं. ते पसंत पडलं तर दोघांचा कुवेतमध्ये निभाव लागणार होता. नाही पडलं तर गाशा गुंडाळून पुण्याला परतायचं, हेही ठरलं होतं.

"तुम्ही फक्त रविवारपर्यंत कशाला हात लावू नका," मंदाताई म्हणाल्या.

एवढं सांगितल्यावर स्वस्थ बसणं उल्हासरावांच्या स्वभावात नव्हतं. बायकोच्या धंद्यात आपली काडीचीही गरज नाही, ही गोष्ट त्यांना आतून कुरतडत होती. शिवाय धंदा कसा करू नये, याचे नमुने त्यांना रोज दिसत होते. परवाच मंदाताईंनी फहाहीलहून आलेली मोठी ऑर्डर चक्क नाकारली होती. कारण काय, तर फहाहीलमध्ये रत्नमालाबाईंचं स्वयंपाकघर आहे, आपण त्यांच्या दारात कसं जायचं? उल्हासराव त्यावर बराच वेळ बोलले. मंदाताई तेवढ्या वेळात मटार सोलत होत्या.

गॅस आणणारा मुनव्वर हा दापोलीकडचा. तो यायचा, बाटला लावायचा, चहा प्यायचा, पोळ्या लाटणाऱ्या फखरुन्निसाकडून एक गरम पोळी घ्यायचा आणि गावाकडच्या आंब्यांची खबर देऊन जायचा. त्याला ना वेळेचं बंधन होतं, ना कागदाचं. उल्हासरावांनी मग फहाहीलचा रफीक आणि जलीबचा फैसल या दुसऱ्या दोन गॅसवाल्यांना फोन लावला. दोघांनीही आधी पत्ता विचारला.

"मशिदीमागची गल्ली? ती मुनव्वरची हाय," रफीक म्हणाला आणि त्याने विषय संपवला. फैसलने तर दराची गोष्ट निघायच्या आधीच मुनव्वरची तब्येत कशी आहे ते विचारलं.

उल्हासरावांचे डोळे चमकले. खरेदी विभागात या प्रकाराला एक नाव होतं. दुसऱ्या दिवशी मुनव्वर आला तेव्हा त्यांनी ते त्याच्या तोंडावर उच्चारलं.

"मुनव्वर, याला संगनमत म्हणतात."

"आमच्यात त्याला शेजारधर्म बोलतात, सायेब," मुनव्वर म्हणाला आणि त्याने पोळीचा तुकडा मोडला.

गॅसची वाट अशी बंद झाल्यावर उल्हासराव विजेकडे वळले. वीज खात्याच्या कचेरीत जाऊन त्यांनी खिडकीतल्या कारकुनाला नम्रपणे विचारलं, की व्यावसायिक जोडणीसाठी आपल्याशिवाय आणखी कोण कोण वीज पुरवतं? इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नसावा. त्याने बराच विचार केला आणि पेनाने काचेबाहेर तळपणाऱ्या सूर्याकडे इशारा केला. दुसरा तो एकच आहे, असं तो म्हणाला, पण त्याची जोडणी तुमच्याकडे आधीपासून असणार.

दुसरा कुणी असता तर त्याने हा नाद सोडला असता. उल्हासराव परतीच्या टॅक्सीत अधिकच कामाला लागले. गॅसवाला बदलता येत नाही, वीजवाला बदलता येत नाही. मग बदलता काय येतं? गॅसवरून विजेवर तर जाता येतं! आपल्याला हे आधी सुचलं कसं नाही, याचंच त्यांना नवल वाटलं. त्यांनी वाटेतच चार मोठ्या इंडक्शन शेगड्या घेतल्या.

शुक्रवार-शनिवार स्वयंपाकघर बंद असायचं. मंदाताई घरी रविवारची वाटणं करत होत्या. शनिवारी उल्हासरावांनी गुपचूप जुनी शेगडी मागच्या खोलीत सरकवली, नव्या शेगड्या ओळीने मांडल्या आणि स्टीलच्या किटलीत चारही शेगड्यांवर आळीपाळीने चहा करून पाहिला. चहा चटकन झाला. मग त्यांनी मुनव्वरला बोलावून बाटल्यांसकट निरोप दिला.

"रिकामे बाटले तरी ठेवा, सायेब. लागले तर?" मुनव्वर म्हणाला.

"व्यवहार पुरा मिटलेला बरा," उल्हासराव म्हणाले. मुनव्वरने बाटले गाडीत टाकले. जाताना त्याने फखरुन्निसाच्या रिकाम्या पोळपाटाकडे एकदा पाहिलं, ते उल्हासरावांच्या मनाला उगाच लागलं.

रविवारी सकाळी मंदाताईंनी दार उघडलं, नव्या शेगड्या पाहिल्या आणि पदर खोचला. संसाराच्या अनुभवावरून उल्हासरावांना हे लक्षण बरं वाटलं नाही. मंदाताईंनी पुरणाची डाळ घातलेलं पातेलं शेगडीवर ठेवलं. शेगडी तीनदा कण्हली आणि बंद पडली. दुसरीनेही तेच केलं. मंदाताईंची भांडी माहेराहून आणलेली, कल्हई केलेली पितळी पातेली होती आणि उरलेले ॲल्युमिनियमचे टोप. लोखंड आणि स्टीलपलीकडे काही न जाणणाऱ्या शेगड्यांना त्यातलं एकही ओळखीचं वाटेना.

"भाई, तुमच्या शेगडीला आमची भांडी पसंत नाय," फखरुन्निसा म्हणाली.

चालला तो फक्त बिडाचा तवा. म्हणजे पोळ्या भाजता येत होत्या, पण त्यांत भरायला पुरण नव्हतं. उल्हासरावांनी हार मानली नाही. त्यांनी प्रत्येक पातेल्याखाली स्टीलचं एकेक ताट सरकवलं आणि चारही शेगड्यांचा आकडा शेवटपर्यंत चढवला. ताटं तापली, डाळीला पहिला बुडबुडा आला, आणि खट्‌कन आवाज होऊन दिवे, शेगड्या आणि एसी एकदम गेले. ऑगस्टचा महिना होता. इमारतीचा हारीस, म्हणजे रखवालदार, धावत आला, मेन स्विच वर करून म्हणाला, की या जुन्या तारांवर एक तर शेगड्या चालतील नाही तर एसी, आणि वरच्या मजल्यावरचे लोक आता माझा जीव घेतील.

"साडेबाराला जेवण पोचायचंय," मंदाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण त्या डोळे पुसत होत्या, आणि कांदा तर अजून चिरायचा होता. उल्हासरावांना आयुष्यात प्रथमच आपल्या चिकाटीची लाज वाटली.

त्यांनी रफीकला फोन केला. रफीकने विचारलं, रिकामे बाटले आहेत ना? रिकामा दिल्याशिवाय भरलेला मिळत नाही. फैसलने तेच विचारलं, आणि वर मुनव्वर आजारी तर नाही ना, याची पुन्हा काळजी केली. शेवटी उल्हासरावांनी मान खाली घालून मुनव्वरचा नंबर लावला आणि मागच्या दारात जाऊन, कुणाला ऐकू जाणार नाही असं, काय झालं ते सगळं सांगितलं.

मुनव्वर आला. गाडीतून त्याने भरलेले बाटले उतरवले, पण ते आत नेईना.

"कायदा हाय, सायेब. रिकामा द्या, भरलेला घ्या."

"माझे रिकामे तर तुझ्याकडेच आहेत."

मुनव्वरने मान डोलावली. त्याने गाडीतून कालचाच रिकामा बाटला काढून उल्हासरावांच्या हातात दिला. उल्हासरावांनी तो दोन्ही हातांनी पोटाशी धरला, दोन पावलं टाकली आणि परत मुनव्वरला दिला. मग मुनव्वरने त्यांना भरलेला दिला. असं प्रत्येक बाटल्याचं झालं. भर उन्हात गल्लीतले लोक उभे राहून पाहत होते, आणि उल्हासरावांचा सदरा गंजाने माखला होता.

जुनी शेगडी जागेवर आली, पितळी पातेली चढली. बँकेचे माजी खरेदी अधिकारी खाली मान घालून कांदा चिरायला बसले आणि मुनव्वर पुरण वाटायला. जेवण टॉवरवर पोचलं ते थोडं उशिरा, पण पोळ्या गरम होत्या.

दुपारी फर्मचा व्यवस्थापक अनुप डबे परत द्यायला स्वतः आला. तो तिशीतला मुलगा होता आणि त्याच्या शर्टावर आमटीचा डाग होता. मुनव्वर कोपऱ्यात जेवत होता. जेवण सगळ्यांना फार आवडलं, असं अनुप म्हणाला. फक्त एक अडचण होती. फर्मच्या नियमाप्रमाणे तीन ठिकाणची तुलना केल्याशिवाय काम देता येत नव्हतं.

मंदाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. उल्हासराव भिंतीकडे पाहत होते.

"म्हणून मी सकाळीच फहाहीलच्या रत्नमालाबाईंना आणि जलीबच्या डबेवाल्या दीनानाथांना फोन केला," अनुप म्हणाला. "पत्ता सांगितला, तर दोघंही म्हणाले, मशिदीमागचा टॉवर ना? तो मंदाताईंचा आहे, आम्ही दर देणार नाही. आता तुमच्याशिवाय कुणी उरलंच नाही, म्हणून काम तुम्हालाच. पण काका, तुम्ही बँकेत खरेदी पाहायचात. मला सांगा, यात काही संगनमत तर नसेल?"

मुनव्वरचा घास हातातच राहिला. फखरुन्निसाचं लाटणं थांबलं.

"छे हो," उल्हासराव म्हणाले. "याला शेजारधर्म म्हणतात."

आणि उठून त्यांनी मुनव्वरच्या ताटात आपल्या हाताने आणखी एक पोळी वाढली.