डरकाळी वाघांचा एकमेव विजय

एका जंगलात, बाळांनो, सगळं अगदी सुरळीत चाललं होतं. म्हणून तिथे अमेरिकन फुटबॉल सुरू झाला.

ही हौस केसरीमहाराजांची. म्हणजे जंगलचे राजे, सिंह. अमेरिका पाहून आलेल्या एका बगळ्याने त्यांना दरबारात खेळ समजावून दिला. चेंडू लांबट असतो. तो काखोटीला मारायचा आणि समोरच्या टोकाची रेषा ओलांडायची. ती ओलांडू नये म्हणून बाकीचे तुमच्या अंगावर पडतात.

“मग ह्याला फुटबॉल का म्हणतात?” महाराजांनी विचारलं.

“तिकडे असं कोणी विचारत नाही.”

महाराजांना तो देश एकदम आवडला.

लगेच संघ उभा राहिला. नाव ठेवलं ‘डरकाळी वाघ’. संघात वाघ एकही नव्हता. वाघांनी नाव दिलं, हाडं द्यायला नकार दिला. चेंडू म्हणून न सोललेला नारळ आला. डोकी फुटू नयेत म्हणून वाळक्या भोपळ्यांची टोपडी आली. खेळाडूंना दोन वेळचं खाणं दरबारातून मिळे, म्हणून खेळ व्यावसायिक.

कोच म्हणून झिपरू अस्वलाला नेमलं. झिपरूमास्तर स्वभावाने लोण्याहून मऊ. आयुष्यभर पिलांना झाडावर चढायला शिकवलेलं. कोणावर ओरडायची वेळ आली, तर ते आधी माफी मागत.

हंगाम सुरू झाला आणि संघ हरू लागला.

पहिल्या सामन्यात वानराने नारळ पकडला. काय झेल होता! मग तो नारळासकट झाडावर चढला आणि त्याने तो सोलून खाल्ला. दुसऱ्या सामन्यात धोंडोबा गवा रेषेपर्यंत सुसाट धावला. पण रेषेवर कोवळं गवत होतं. पुढच्या सामन्यात साळिंदराला आनंद झाला आणि त्याने स्वतःच्याच तीन खेळाडूंना मिठी मारली.

निवृत्ती कासव मात्र शिस्तीचं. नारळ अंगावर आला की डोकं, पाय, शेपूट सगळं आत. वादळ गेलं की बाहेर येऊन विचारायचं, “मास्तर, जिंकलो?”

प्रेक्षक तोंडावर पळसाच्या पानांचे द्रोण बांधून बसू लागले. आपण ह्या संघाचे आहोत हे शेजाऱ्याला कळू नये म्हणून. शेजारीही द्रोण बांधूनच बसलेला असे.

“अहो, आज तरी थोडक्यात हरलात का?” झिपरूची बायको विचारी.

“थोडक्यात गं. दुपारपर्यंत टिकलो.”

शेवटच्या सामन्याआधी दरबारातून बोलावणं आलं. झिपरूमास्तर गेले. महाराजांनी त्यांना चक्क मिठी मारली.

“शाब्बास मास्तर! अभिनंदन!”

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. मागे दुसरे कोणी मास्तर नव्हते.

दिवाण चाणाक्षराव कोल्हे पुढे सरसावले. “त्याचं असं आहे मास्तर. हंगामात जो सगळ्यांत खाली, त्याला नवा खेळाडू आधी निवडता येतो. यंदा एक तरणाबांड हत्ती खेळायला उतरतोय. आपण सगळे सामने हरलोय. डोहाच्या मगरीही सगळे हरल्यात. उद्या आपला सामना त्यांच्याशीच. जो हरेल, हत्ती त्याचा.”

“म्हणजे मी...”

“हरा,” महाराज म्हणाले. “नाही हरलात, तर उद्यापासून येऊ नका.”

सकाळी मास्तरांनी संघाला गोळा केलं. आधी सगळ्यांची टोपडी सारखी केली. शेवटी म्हणाले, “माफ करा हं. आज हरायचंय.”

धोंडोबाच्या डोळ्यांत पाणी आलं. “मास्तर, आजवर कुणी सांगितलं नव्हतं, तरी हरत होतो. आता सांगून हरायचं?”

“हरताना चुकलो तर?” वानराने विचारलं.

मास्तरांनी पुन्हा माफी मागितली.

सामना सुरू झाला. धोंडोबाने नारळ अदबीने मगरींना दिला. मगरींनी तो त्याहून अदबीने परत केला. “आधी तुम्ही, दादा.” “छे छे, पाहुण्यांचा मान पहिला!” वानर नारळ फेकी, मगरी तोंड मिटून घेत. साळिंदर मुद्दाम पडलं, तर सगळ्या मगरी त्याच्याही आधी पडलेल्या. पंच घुबड होतं. त्याला दिवसा दिसत नसे, त्यामुळे त्याला सामना रंगतदार वाटला.

दिवस कलला तरी एकही गुण नाही. तेवढ्यात नारळ घरंगळत निवृत्तीच्या पोटाखाली गेला. निवृत्ती नारळ धरून आत गुडूप.

मगरींना संधी दिसली. त्या कासवाला मागून ढकलू लागल्या, आपल्याच रेषेकडे! डरकाळी वाघ धावले आणि समोरून रेटू लागले. अख्ख्या हंगामात एवढी झुंज कोणी पाहिली नव्हती. धूळ उडाली. भोपळे फुटले. प्रेक्षक उभे राहिले. त्यांना आतली गोष्ट काय ठाऊक! त्यांना एवढंच दिसलं की आपलं कासव रेषेपासून वीतभर अंतरावर आहे.

“निवृत्ती! निवृत्ती!”

कवचातून डोकं बाहेर आलं. आपलं नाव एवढ्या तोंडांनी त्याने कधी ऐकलं नव्हतं. त्याने मास्तरांकडे पाहिलं.

“थांब” म्हणायचं होतं. मास्तरांनी तोंड उघडलं.

“चल रे माझ्या राजा!” मास्तर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच, माफी न मागता.

निवृत्तीने चारही पाय बाहेर काढले आणि आपल्या पायांनी रेषा ओलांडली.

मग काय विचारता! द्रोण आभाळात उडाले. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना ओळखलं. धोंडोबाने मगरींचेच मुके घेतले. साळिंदराला सगळ्यांनी मिठी मारली आणि सगळे कळवळून हसले. मास्तर मागच्या दोन पायांवर उभे राहून गरागरा नाचत होते.

“मास्तर, उद्यापासून येऊ नका!” महाराज गरजले.

“हो हो, नाही येत!” मास्तर म्हणाले आणि नाचतच राहिले.

हत्ती मगरींकडे गेला. पहिल्याच सरावात तो नारळावर बसला. दुसरा आणला, तो त्याने खाल्ला. पुढच्या वर्षी मगरी पुन्हा शेवटच्या आल्या. हत्ती निवडण्याची सूचना आपली नव्हतीच, हे चाणाक्षरावांनी सिद्ध केलं आणि त्यांना बढती मिळाली.

तात्पर्य : बाळांनो, कोणतंही काम मनापासून करू नये. चुकून यश येतं आणि नोकरी जाते.